पंगतीत एकही पान चुकू नये

संगणक आणि आपण

देवळातली समाराधना असो, बारसे असो की लग्न, पंगतीचा एक नियम आपल्या सीमाभागात कोणाला शिकवावा लागत नाही. वाढपी एका टोकाकडून निघतो, प्रत्येक पानापाशी थांबतो, वाढतो आणि पुढच्या पानाकडे सरकतो. मधले एखादे पान चुकले तर त्या माणसाची भूक राहतेच, शिवाय मनाला लागते ते वेगळे. असे मुद्दाम केले तर मराठीत त्याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. कन्नडमधला ‘पंक्तिभेद’ तर याहून कडू. जातीवरून पाने वेगळी मांडण्याचा सारा इतिहास त्या शब्दात आहे. ओळीत होणाऱ्या अन्यायाला दोन्ही भाषांनी खास शब्द राखून ठेवावा, यावरूनच तो किती जिव्हारी लागतो ते कळते.

आता गंमत पाहा. संगणकातल्या तक्त्याच्या आडव्या ओळीलाही पंक्तीच म्हणतात, कन्नडमध्ये ‘सालु’. त्या ओळींवरून एकेक करत पुढे जाणारा एक वाढपीही तिथे असतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला ‘इटरेटर’ म्हणतात आणि डेटाबेसच्या बाबतीत बहुधा ‘कर्सर’. घरातली मुले बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला गेली की दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात याच्याशी त्यांची गाठ पडते आणि बरीच मुले इथेच अडखळतात. मुलांचे मार्क जातील ते जातील. पण हीच मुले उद्या कचेऱ्यांचे, बँकांचे, सोसायट्यांचे प्रोग्रॅम लिहिणार. तेव्हा वाढपी चुकला तर पान कोणाचे राहील, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. आज तो पेडणे आणि डिचोलीच्या जमिनीच्या उताऱ्यावरून समजून घेऊ.

एक-चौदाचा उतारा

गोव्यात जमिनीचा कागद म्हटला की ‘नमुना १ व १४’. बोलण्यात ‘एक-चौदाचा उतारा’. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार ठेवल्या जाणाऱ्या या नोंदीत तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्र, पोटखराब, कब्जेदारांची नावे, कुळाचे नाव, इतर हक्क असे सारे असते. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांनी आपली ‘पहाणी’, म्हणजे आरटीसी, डोळ्यांपुढे आणावी. कर्नाटकाने २००१ च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले, तेव्हा साऱ्या देशात त्याचे कौतुक झाले होते. गोव्याचे उतारेही पुढे संगणकावर आले. आज तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग दिला की उतारा पडद्यावर दिसतो.

चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीत नांदायला गेलेल्या मुली आपल्याकडे घरोघरी आहेत. तशाच तिकडून इकडे आलेल्या सुनाही आहेत. गोव्यात मुलगा आणि मुलगी यांना वारशात सारखा वाटा आहे. पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेपासून हे चालत आले आहे आणि २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ते कायम आहे. शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक मानली जाते. त्यामुळे आजोबांच्या नावाची एक बाग दोन पिढ्यांत वीस-पंचवीस नावांची होते. त्यांतली काही नावे पणजी-म्हापशाला, काही खानापूर-हुबळीला, काही आखातात. यादी लांबत जाते तसे तीतले एखादे नाव गळण्याचे भयही वाढते.

समजा, डिचोली तालुक्यातल्या अशाच एका बागेला पाच कब्जेदार आहेत. हे उदाहरण कल्पित आहे, कोणत्याही कचेरीचे नाही. यादी अशी : पहिली थोरली बहीण, सासर खानापूर. दुसरा मोठा भाऊ. तिसरी दिवंगत भावाची पत्नी. चौथा धाकटा भाऊ. पाचवा पुतण्या. जमिनीच्या नोंदीत बदल व्हायचा आहे आणि पाचही जणांना नोटीस जायला हवी. नोटिसा छापण्यासाठी कोणीतरी छोटा प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो : ‘या सर्व्हे नंबरचे सगळे कब्जेदार दे.’ या विचारण्याला ‘क्वेरी’ म्हणतात. उत्तर येते. पण हातात काय येते?

गठ्ठा नव्हे, बोट

बहुतेक मुलांना वाटते की पाच नावांचा गठ्ठा हातात आला. खरे तर हातात येते ते एक बोट, यादीवर ठेवलेले. बोट ज्या ओळीवर आहे तेवढीच ओळ वाचता येते. पुढची हवी तर बोट खाली सरकवावे लागते.

असे का? डेटाबेसचा आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा स्वभावच वेगळा आहे. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना गणिताच्या पायावर उभी केली. तिच्यात प्रश्नही समूहाला आणि उत्तरही समूह. ‘या बागेचे सारे कब्जेदार’ म्हटले की सारे एकदम. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच पायावर जी प्रश्नभाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. पण नोटीस छापणारा प्रोग्रॅम एका वेळी एकच नाव हाताळतो. ढिगाने उत्तर देणारा एक आणि घासाघासाने खाणारा दुसरा, यांच्यामध्ये वाढपी हवाच. तो कर्सर. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘धावणारा’.

हाच विचार प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही आला. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात ‘क्लू’ नावाची भाषा घडवली, तिच्यात इटरेटर भाषेचा भाग म्हणूनच होता. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना २००८ सालासाठी मिळाला.

यात फायदाही मोठा आहे. पाच नावे एकदम आणली तर बिघडत नाही. पण साऱ्या तालुक्याचे उतारे तपासायचे तर लाखो ओळी एकाच वेळी संगणकाच्या स्मृतीत कोंबाव्या लागतील. बोट असले की थोड्या थोड्या ओळी येतात, काम झालेल्या जातात. काही व्यवस्थांत सारा निकाल आधीच मागवून ठेवलेला असतो हे खरे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे बोटाची वागणूक तीच राहते.

पुढे, फुडें, मुंदे

या बोटाला बहुतेक ठिकाणी एकच महत्त्वाचा हुकूम कळतो : ‘नेक्स्ट’. मराठीत ‘पुढे’, डिचोलीच्या कोकणीत ‘फुडें’, कन्नडमध्ये ‘मुंदे’. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलाला हा हुकूम समजावायला इतके पुरे. पण त्याच्या पोटात तीन गोष्टी आहेत आणि त्या लक्षात राहिल्या नाहीत की घोटाळा होतो.

पहिली गोष्ट, सुरुवातीला बोट पहिल्या नावावर नसते. ते पहिल्या नावाच्याही वर, कोऱ्या जागी असते. पहिले नाव वाचायलाही एकदा ‘पुढे’ म्हणावे लागते. पंगत सुरू होण्याआधी वाढपी पहिल्या पानासमोर नसतो, तो स्वयंपाकघराच्या दारात असतो. तसेच हे.

दुसरी गोष्ट, ‘पुढे’ हा हुकूम दोन कामे करतो. बोट सरकवतो आणि सरकायला जागा होती की नाही हेही सांगतो. जावा भाषेत उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येते. पीएचपीत ओळच हाती येते आणि ओळी संपल्या की हात रिकामा राहतो. पायथनमध्ये आपण ‘यातल्या प्रत्येक ओळीसाठी’ असे लिहितो तेव्हा ‘पुढे’ म्हणण्याचे काम भाषा पडद्याआड करते. म्हणजे ‘इन्नू इदेया?’ हा प्रश्न आणि पुढे टाकलेले पाऊल, दोन्ही एकाच शब्दात.

तिसरी गोष्ट, साधे बोट मागे येत नाही. गेलेली ओळ गेली. मागेपुढे फिरणारी बोटेही मिळतात, पण ती मुद्दाम मागावी लागतात.

पान चुकते कसे?

आता आपल्या पाच कब्जेदारांकडे परत येऊ.

पहिली चूक डोकावून पाहण्याची. प्रोग्रॅम लिहिणारा सावध असतो. एकही नाव नसले तर ‘नोंद सापडली नाही’ असे छापावे म्हणून तो आधी विचारतो : पुढे आहे का? उत्तर ‘हो’. मग तो फेरी सुरू करतो : जोवर पुढे सरकता येते तोवर नोटीस छाप. दिसायला किती नीट! पण पहिल्या विचारण्यातच बोट थोरल्या बहिणीच्या नावावर गेले होते. फेरी सुरू होताना पुन्हा ‘पुढे’ म्हटले आणि बोट मोठ्या भावावर आले. नोटिसा चार निघाल्या. खानापूरच्या बहिणीला नोटीसच नाही. यंत्राने कुरकुर केली नाही, पडद्यावर लाल अक्षरही उमटले नाही. आणि यादीत एकच नाव असते तर? ‘नोंद सापडली’ हेही खरे आणि नोटीस एकही नाही हेही खरे! उपाय सोपा आहे. डोकावू नये. सरळ फेरी चालवावी, प्रत्येक नोटिशीला एक आकडा वाढवावा आणि शेवटी आकडा शून्य असेल तरच ‘नोंद नाही’ म्हणावे.

दुसरी चूक एका फेरीत दोनदा ‘पुढे’ म्हणण्याची. नाव घ्यायला एकदा ‘पुढे’, पत्ता घ्यायला पुन्हा ‘पुढे’. मग नाव थोरल्या बहिणीचे आणि पत्ता मोठ्या भावाचा. नाव वहिनीचे आणि पत्ता धाकट्या दिराचा. पाचव्या पुतण्याला नाव आहे पण पत्त्याला ओळच उरली नाही, तिथे प्रोग्रॅम अडतो. यादीत नावे सहा असती तर तो अडलाही नसता. तीन चुकीचे लिफाफे टपालात गेले असते. यावर नियम असा की एका फेरीत ‘पुढे’ एकदाच म्हणायचे आणि आलेल्या ओळीतूनच नाव, पत्ता, खाते सारे काढून घ्यायचे.

तिसरी चूक दुसऱ्या फेरीची. आधी एक फेरी मारून नावे मोजली, पाच. मग छापायला दुसरी फेरी सुरू केली तर एकही कागद निघेना. डेटाबेस रिकामा झाला असे वाटून मुले घाबरतात. डेटाबेस जागच्या जागी असतो. बोट मात्र तळाला पोचलेले असते आणि आपणहून वर येत नाही. मोजणे आणि छापणे एकाच फेरीत करावे. यादी लहान असेल तर ओळी बाजूला साठवून घ्याव्यात, नाहीतर क्वेरी पुन्हा विचारावी.

चौथी चूक क्रम गृहीत धरण्याची. ‘सगळे कब्जेदार दे’ म्हटले, पण कोणत्या क्रमाने ते सांगितले नाही. मग डेटाबेस त्याच्या सोयीने देतो. आज जो क्रम आला तोच उद्या येईल असे वचन त्याने दिलेले नाही. क्रम हवा तर क्वेरीतच मागावा.

क्रम मागितला तरी पानांच्या हिशेबात गफलत होऊ शकते. समजा पेडण्यातल्या एका गावाची लांब यादी आपण वीस-वीस ओळींनी पाहतो आहोत. पहिले पान पाहून झाले. तेवढ्यात त्या वीस ओळींतली एक कोणीतरी रद्द केली. आता जी एकविसावी होती ती विसावी झाली. आपण दुसरे पान मागतो, ‘एकविसाव्यापासून पुढे’. मधली ती ओळ ना पहिल्या पानावर दिसली ना दुसऱ्या. पंगतीतले एक पान उचलले आणि सारे एक जागा सरकून बसले, पण वाढपी मात्र जमिनीवरची फरशी मोजत होता! म्हणून जाणकार फरशी मोजत नाहीत, शेवटचा माणूस लक्षात ठेवतात. ‘या क्रमांकाच्या नंतरच्या वीस ओळी दे’ असे विचारतात. तो क्रमांक अर्थात प्रत्येक ओळीचा वेगळा आणि न बदलणारा हवा.

पाचव्या चुकीत नाव गळत नाही, वेळ मात्र जातो. क्वेरीने चाळीस नावे दिली. मग प्रत्येक नावापाशी थांबून पत्त्यासाठी वेगळी क्वेरी. म्हणजे एक अधिक चाळीस, एकूण एक्केचाळीस फेऱ्या. केरी-तेरेखोलच्या माणसाने चाळीस कागदांसाठी पेडण्याच्या मामलेदार कचेरीत चाळीस वेळा जावे तसे. शहाणा माणूस एकाच खेपेत सारे कागद आणतो. नाव आणि पत्ता वेगळ्या तक्त्यांत असले तरी ते जोडून एकाच क्वेरीत मागता येतात.

आणि एक शिस्त. काम संपले की बोट उचलावे, म्हणजे कर्सर बंद करावा. बँकेच्या खिडकीवर आपले काम झाल्यावरही कोणी तिथेच उभे राहिले तर मागची रांग खोळंबते. उघडे राहिलेले कर्सर डेटाबेसची जोडणी अशीच अडवून ठेवतात. मध्येच काही बिघडले तरी बंद करण्याची ओळ चालेल अशी तजवीज प्रोग्रॅममध्ये हवी.

मोजून घ्या

डेटाबेसच्या आतही हाच वाढपी राबत असतो. गेट्झ ग्रेफे या संशोधकाने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘व्होल्केनो’ नावाच्या प्रणालीत प्रत्येक कामाला तीनच हुकूम ठेवले : उघडा, पुढे, बंद करा. एक काम दुसऱ्याला ‘पुढे’ म्हणते, ते तिसऱ्याला म्हणते, आणि ओळ हातोहात वर येते. ही रीत पुढे अनेक डेटाबेसनी उचलली. म्हणजे ‘पुढे’ हा हुकूम नीट समजला तर घरातल्या मुलाला निम्मा डेटाबेस समजला.

पण आई-वडिलांनी काय करायचे? संगणक येत नाही म्हणून गप्प बसायचे कारण नाही. मोजायला सर्वांना येते. पंगत बसताना जाणता यजमान पाने मोजतो आणि वाढून झाल्यावर भांड्यातल्या लाडवांवरून हिशेब लावतो. तोच हिशेब इथे लागतो. यादीत नावे किती आणि नोटिसा निघाल्या किती? डेटाबेसला नुसते ‘किती ओळी आहेत’ असे वेगळे विचारता येते. तो आकडा आणि छापलेल्या कागदांचा आकडा जुळला नाही तर काम पुढे नेऊ नये, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये असली की पहिली, दुसरी आणि तिसरी चूक सहसा लगेच उघडी पडते. दोन पाने वेगवेगळ्या वेळी मागितली असतील तर मोजणीही त्याच क्षणाची हवी, एवढे भान मात्र ठेवावे.

तुमच्या जमिनीचा उतारा हाती आला, मग तो एक-चौदाचा असो की पहाणी, तर आपले नाव सापडले म्हणून कागद मिटू नका. वरून खाली प्रत्येक नावावर बोट ठेवून वाचा. बहिणीचे नाव आहे का? वहिनीचे आहे का? पहिल्या आणि शेवटच्या ओळीकडे जास्त लक्ष द्या, कारण ओळींच्या कामातल्या चुका बहुधा टोकांवर होतात. यंत्र गळलेल्या नावाबद्दल खंत करत नाही. ज्याचे नाव गळले तो घाटाच्या पलीकडे असतो आणि त्याला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. वाडवडिलांच्या जमिनीवरून भावंडांत आलेला दुरावा पुष्कळदा अशाच न पोचलेल्या कागदापासून सुरू होतो. मग ‘संगणकाची चूक होती’ हे सांगून कोणाचे समाधान होत नाही.

घरी करून पाहा

सात कागदांवर घरातल्या सात जणांची नावे लिहा आणि ते एकाखाली एक मांडा. एका मुलाने बोट पहिल्या कागदाच्या वर, मोकळ्या जागी ठेवावे. दुसऱ्याने फक्त ‘पुढे’ किंवा ‘मुंदे’ एवढेच म्हणायचे. प्रत्येक वेळी बोट एक कागद सरकेल आणि नाव मोठ्याने वाचले जाईल. सरकायला कागद उरला नाही की ‘मुगियितु’ म्हणायचे. आता मुलाला मुद्दाम आधी एकदा डोकावून पाहायला सांगा आणि मगच वाचन सुरू करा. कोणाचे नाव राहिले ते ज्याचे राहिले तोच ओरडून सांगेल!

पुढच्या आठवड्यात सर्व्हे नंबरांचाच आणखी एक चमत्कार पाहू. नंबर अक्षरे म्हणून साठवले तर संगणक १ नंतर २ न आणता १० का आणतो, आणि त्याला नीट मोजायला कसे लावायचे.